घरात पडले, असं मी सांगितलं

मला आता मांडी घालून बसता येत नाही. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, खुर्चीत बसावं. पण मी पारनेर तालुक्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे आणि आमची सगळी नोकरीच जमिनीवर. तीन वर्षांचं पोर रडत आलं की मांडीवर येऊन बसतं, ते खुर्चीवर चढत नाही. मांडीच नाही तर ती बाई कसली, असं त्यांचं सरळ म्हणणं असतं.

माझा उजवा खुबा मोडला त्याला आता तीन वर्षं होत आली. मोटारीच्या अपघातात मोडला. हे वाक्य आज किती सहज लिहून झालं! ते दवाखान्याच्या कागदावर लिहून द्यायची वेळ होती तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगितलं, आणि त्याचं फळ माझ्यापेक्षा जास्त माझ्या मुलीला भोगावं लागतंय. अपघातातून उठलेल्या माणसांनी, आणि त्याहून त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. डॉक्टरी माहिती मला फार नाही. जे झालं तेवढं सांगते.

धोंड्याचा महिना

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि जावयांचा भाव वधारतो. अश्विनी आमची एकुलती एक. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यामुळे तिचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. जावई प्रशांतराव कर्जतकडचे. घरची शेती, शिवाय खताचं दुकान. माणूस कमी बोलणारा, पण गरीब स्वभावाचा. आम्ही दोघांना रीतसर जेवायला बोलावलं. प्रशांतरावांना पाटावर बसवून आमच्या मालकांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि मी ते धुऊन पुसले. तेहतीस अनारसे, त्यावर चांदीचा दिवा, दोघांना कपडे, कशातच कमी ठेवली नाही.

पुरणाचे धोंडे तर मी एवढ्या आग्रहानं वाढले की पावण्यांनी हात जोडले.

"मामी, बास. आता पोटात जागाच न्हाई."

"आसं कसं? तीन वर्सांनी येतो ह्यो म्हैना!" असं म्हणून मी आणखी दोन वाढले आणि वर तुपाची धार धरली.

माझा स्वभावच तसा आहे. एखादी गोष्ट रीतीप्रमाणे व्हायची तर ती झालीच पाहिजे. अंगणवाडीची रजिस्टरं लिहिण्यात माझा हात कुणी धरत नाही, असं आमच्या मुख्यसेविका चारचौघांत म्हणायच्या, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

जेवणं झाल्यावर पावण्यांनी जरा आडवं व्हावं असं मालकांच्या मनात होतं. पण दुकान सकाळपासून बंद होतं, म्हणून ते लगेच निघाले. निघताना अश्विनी म्हणाली, "आई, तू पण चल ना चार दिवस. तुला सुट्टी आहे." मी पिशवी भरली आणि निघाले. गाडी नवी होती. मान म्हणून मला पुढं बसवलं, अश्विनी मागं बसली. प्रशांतरावांनी पट्टा लावायला सांगितलं. तो छातीवरून आला तर नव्या साडीच्या पदराच्या निऱ्या चुरगळतील म्हणून मी तो काखेखालून घेतला. अशी मी शहाणी.

श्रीगोंदा मागं पडलं. अश्विनी पेंगत होती. मी बराच वेळ बडबडत होते, मग मीही गप्प झाले. पोट भरलेलं, बाहेर ऊन, रस्ता सरळ. ओढ्यावरच्या पुलाचा कठडा समोरून येताना मला दिसला. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो. मग कळलं की माझा गुडघा समोरच्या डॅशबोर्डात रुतलाय आणि एक पाय भलत्याच बाजूला वळलाय. तो पाय माझाच आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला.

अश्विनीच्या कपाळातून रक्त येत होतं, पण ती बोलत होती. प्रशांतरावांना किरकोळ खरचटलं होतं. ते स्टिअरिंगला धरून एकच म्हणत होते, "मामी, डोळा लागला ओ माझा. डोळा लागला."

टेम्पोत

कांद्याच्या गोण्या घेऊन नगरला निघालेला एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्यानं आणि प्रशांतरावांनी मला उचलून रिकाम्या गोणपाटांवर निजवलं. टेम्पोवाल्यानं विचारलं, "पोलिसांना फोन लावू का?"

"नगं, नगं," मी म्हणाले. "घरचंच हाय."

मला तेव्हा शुद्ध होती, हे मुद्दाम सांगते. नंतर सगळे म्हणाले, बाई दुखण्यानं भ्रमिष्ट झाली असेल. नव्हते झाले. माझं डोकं अगदी नीट चाललं होतं. पोलीस आले की केस होणार. केस होणार ती गाडी चालवणाऱ्यावर. म्हणजे जावयावर. सकाळी ज्यांचे पाय धुतले, त्यांचं नाव संध्याकाळी सासूनं पोलिसांना सांगायचं? मग अश्विनी कुठल्या तोंडानं त्या घरात राहील? लग्नाला दीडच वर्ष झालेलं. एवढं सगळं मी दोन कळांच्या मध्ये ठरवलं आणि दोघांना सांगितलं.

"आपघात म्हनायचं न्हाई. मी घरात पडले. न्हाणीत पाय घसरला. आशू, मला उचलताना तुझं कपाळ दाराला लागलं. कळलं का?"

अश्विनी म्हणाली, "आई, पण..."

मी तिच्याकडे बघितलं. लहानपणी पाहुण्यांसमोर गप्प करायचे तसंच बघितलं, आणि चोवीस वर्षांची माझी मुलगी गप्प झाली. प्रशांतराव रडत होते. त्यांनी मान हलवली.

टेम्पोवाल्यानं आम्हाला दवाखान्याच्या दारात उतरवलं, पाणी पाजलं आणि तो गेला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही, गाडीचा नंबरही बघितला नाही. सगळं खरं ठाऊक असलेला परका माणूस तो एकटाच होता.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"घरात पडले."

"घरात कुठं?"

"न्हाणीत."

त्यांनी माझा पाय बघितला, मग बरगड्यांवरचा काळानिळा पट्टा बघितला. "बाई, न्हाणीत पडून खुबा असा मागं निखळत नाही. आणि हा वण कसला?"

"बादलीवर पडले."

त्यांनी कागद पुढं ओढला. मालक अजून यायचे होते. अश्विनी भिंतीला टेकून उभी होती. "नक्की ना? मी हेच लिहिणार आहे. काही वेगळं असेल तर आताच सांगा."

"व्हय. हेच."

त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. रजिस्टरात करते तशीच, पूर्ण नावाची, सुवाच्य.

संध्याकाळी मालक आले. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "बरं केलंस. जावयावर केस म्हनजे लोकांनी तोंडात शेन घातलं आसतं." नवऱ्यानं माझी तारीफ करावी असे प्रसंग आमच्या संसारात फार नाहीत. हा त्यातला एक.

वजन लावलेला पाय

निखळलेला खुबा डॉक्टरांनी बसवला, पण त्याची वाटी फुटली होती. ऑपरेशन होईपर्यंत पायाला वजन बांधून तो ताणून ठेवला. त्या दिवसांत मला छत पाठ झालं. कुशीवर वळायचं नाही, उठायचं नाही. तीन बरगड्या मोडलेल्या, त्यामुळे खोकला आला की जीव जायचा. शिंक आली तर मी देवाचं नाव घ्यायचे.

सगळ्यात वाईट शौचाच्या भांड्याचं. आयुष्यभर पदर न ढळू देता वावरलेली बाई मी, आणि आता नवऱ्यानं भांडं सरकवायचं, काढायचं. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड करून आमच्या बागेतल्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी काहीतरी बोलायला सुरुवात केली, आणि रोज त्या वेळी ते डाळिंबांविषयीच बोलत राहिले. माणूस चांगला आहे, हे मला बत्तीस वर्षांनी त्या भांड्यापायी कळलं.

झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. चौथ्या दिवशी त्या आपणहून कंगवा घेऊन आल्या आणि झोपल्या जागी माझ्या केसांचा गुंता काढून वेणी घालून दिली. "बाईमानसाची येनी घातली की निम्मं दुखनं जातं," म्हणाल्या. निम्मं नाही, पण बरंच गेलं. मी रडले. त्यांनी ते बघितलं आणि बघितल्याचं दाखवलं नाही.

समोरच्या खाटेवर पाथर्डीकडची एक बाई होती, ऊसतोडणीला जाणारी. तिला रस्त्याच्या कडेनं चालताना जीपनं उडवलं होतं. तिच्या नवऱ्यानं दारातच सगळं सांगितलेलं. पोलीस आले, तिच्या खाटेजवळ उभे राहून लिहून घेऊन गेले. तिनं अंगठा उठवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमचं लिव्हायला न्हाई का आलं कुनी?"

"मी घरात पडले."

"घरात?" तिनं माझ्या पायाला बांधलेली वजनं नीट बघितली. "घरात यवढं?"

मी डोळे मिटून घेतले. ती अंगठेबहाद्दर आणि मी शिकलेली, असा मला तेव्हा थोडा तोरा होता हेही कबूल करते.

भीती मरणाची नव्हती. भीती हलवण्याची होती. एक्स-रेला नेताना मी स्ट्रेचरची कड एवढी घट्ट धरायचे की माझी बोटं सोडवावी लागायची.

घरी

घरी आल्यावर खाट, कमोडची खुर्ची, वॉकर. मालक स्वयंपाक शिकले, म्हणजे पिठलं शिकले. रोज पिठलं. मी त्यांच्यावर चिडायचे, ते माझ्यावर. एकदा भाकरी करपली यावरून आम्ही एवढं भांडलो की शेजारीण भाजी घेऊन धावत आली. खरं तर भाकरीचं काहीच नव्हतं. मला उठता येत नव्हतं आणि त्यांना मला बघवत नव्हतं.

पाच महिन्यांनी काठी घेऊन अंगणवाडीत गेले. मदतनीस बाईंनी खुर्ची मांडून ठेवली होती. पोरं लांबूनच बघत होती. एक लहानगी जवळ आली, माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "बाई, खाली ये." मी म्हटलं, उद्या येते. ती रोज विचारायची, मी रोज उद्या म्हणायचे. मग तिनं विचारायचं सोडलं.

प्रशांतराव दवाखान्यात दोनदा आले होते. घरी एकदा आले. ओट्यावर बसून चहा घेतला आणि गेले. माझ्या पायाकडे त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, लाजत असतील, होईल हळूहळू.

विहीणबाई हसल्या

वर्ष होत आलं आणि अश्विनीच्या दिराचा साखरपुडा ठरला. मी काठी टेकत गेले. खुबा पुन्हा दुखायला लागला होता, आत काहीतरी घासतंय असं वाटायचं, पण मुलीचं सासर, जायलाच हवं. बायका सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीत. तेवढ्यात विहीणबाई, म्हणजे प्रशांतरावांच्या आई, हसत माझ्याजवळ आल्या.

"विहीनबाई, न्हाणीत आता खरबरीत फरशी टाकून घ्या बरं का! आन् आंगुळ बसून करत जावा. ह्या वयात कशाला यवढी घाई?"

बायका हसल्या. मीही हसले. प्रशांतराव पाण्याचा जग घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हातातल्या जगात बघितलं.

बाई टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या दिवशी मागच्या दारी अश्विनीनं मला सांगितलं, "आई, ह्यांनी घरात सांगितलंच नाही. गाडी एकट्यानं ठोकली एवढंच सांगितलंय. माझं कपाळ तुला उचलताना फुटलं, असंच सगळ्यांना माहितेय. मी काही बोलायला गेले की म्हणतात, तुझ्या आईनंच ठरवलंय."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की खुब्याच्या गोळ्याला रक्त मिळेनासं झालंय, तो सुकत चाललाय. सांधा बदलावा लागेल. खर्च ऐकून मालक बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी अर्धी बाग मोडायची तयारी दाखवली तेव्हा मी पहिल्यांदा वकिलाकडे गेले.

केस म्हणजे काय

वकीलबाई पारनेरच्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, जावयावर केस म्हणजे जावयाच्या खिशात हात घालणं नव्हे. गाडीचा पूर्ण विमा होता ना? मग गाडीत बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीनं द्यायची असते. त्यासाठी पोलिसांत नोंद लागते. तुमच्या जावयांना तिथल्या तिथं जामीन झाला असता."

"आन् लोकं काय म्हनली असती?"

"आता काय म्हणतात?"

केस हा शब्द मी तेवढाच ऐकला होता, जेवढा गावात ऐकू येतो. बांधाची केस, भावाभावांची केस. केस म्हणजे वैर. त्याला दुसरा काही अर्थ असेल हे विचारावंसंही मला वाटलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "गाडी दुरुस्त कशी झाली?"

गाडी विम्यातून दुरुस्त झाली होती. नवा पत्रा, नवा रंग, पुढची काच. ते कागद वकीलबाईंनी मिळवले. त्यात प्रशांतरावांच्या अक्षरात लिहिलेलं होतं की गाडी पुलाच्या कठड्याला धडकली, आणि अपघाताच्या वेळी गाडीत चालकाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. गाडीला भरपाई मिळाली होती.

माहेरी आलेल्या अश्विनीनं तो कागद दोनदा वाचला. मग तिनं नवऱ्याला फोन लावला. मी शेजारीच होते.

"मी पण नव्हते गाडीत?"

पलीकडून प्रशांतराव म्हणाले, "मामीच म्हनल्या हुत्या ना, आपघात म्हनायचं न्हाई? मग मी काय लिवायचं हुतं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

आम्ही दावा लावला. पोलिसांत जाऊन उशिरानं जबाब दिला. नोटीस कर्जतला पोचली त्या आठवड्यात अश्विनी एक बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या होत्या, आईला दावा मागं घ्यायला सांग, नाहीतर इथं राहून आमच्यावर नजर ठेवू नकोस. प्रशांतराव त्या वेळी घरातच होते. ते काही बोलले नाहीत. विमा कंपनीला खोटं लिहून दिल्याचं उघड झालं तर आपलं काय होईल, या भीतीनं त्यांची झोप उडाली होती, असं अश्विनी म्हणाली. तिला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता. ती दोन्ही घेऊन आली होती.

संगनमत

नगरच्या कोर्टात माझी साक्ष झाली. कंपनीचे वकील अगदी सौम्य आवाजाचे गृहस्थ. त्यांनी मला बसायला खुर्ची मागून घेतली.

"बाई, तुम्ही अंगणवाडीत रजिस्टरं लिहिता?"

"हो."

"खोटं लिहिता का कधी?"

"नाही."

त्यांनी दवाखान्याचा कागद पुढं केला. "ही सही तुमची?"

"माझीच."

"मग न्हाणीत पडले हे खरं, की आजचं खरं?"

"आजचं."

"म्हणजे त्या दिवशी खोटं बोललात. कशासाठी?"

"मुलीच्या घरासाठी."

"आणि आज भरपाईसाठी," ते म्हणाले. त्यांनी तो प्रश्न म्हणून विचारलाच नाही.

अश्विनीनं साक्ष दिली, कपाळावरचा वण दाखवला. त्या डॉक्टरीणबाई नोकरी सोडून कुठं गेल्या त्याचा पत्ता लागला नाही. टेम्पोवाला तर कुणाला ठाऊकच नव्हता. उरले प्रशांतराव. त्यांना समन्स गेलं. दोन तारखांना आम्ही कोर्टाच्या दाराकडे बघत बसलो. ते आले नाहीत.

दावा फेटाळला. वकीलबाईंनी निकालातलं एक वाक्य मला वाचून दाखवलं. सासू, मुलगी आणि जावई यांनी संगनमतानं ही मागणी उभी केली असावी, अशा अर्थाचं. मला हसू आलं. वकीलबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. संगनमत तर होतंच. अगदी तिघांचं होतं, टेम्पोत केलेलं. फक्त जजसाहेबांना वाटलं त्याच्या बरोबर उलट होतं.

वरच्या कोर्टात जाता येतं म्हणतात. अजून ठरवलेलं नाही. सांधा बदलायचा बाकी आहे. गोळी घेऊन काठीवर दिवस ढकलते.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांना हात जोडून सांगते. दवाखान्याच्या दारात डॉक्टर विचारतात, कसं झालं, तेव्हा खरं सांगा. गाडी भावाची असो, दिराची असो, जावयाची असो. अपघात म्हणून नोंद करा म्हणावं आणि लिहिलेलं वाचून मग सही करा. ज्यानं तुम्हाला उचलून आणलं त्याचं नाव विचारा. कुणाची अब्रू वाचवायचीच असली तरी आधी त्याचा अर्थ एखाद्या जाणत्याला विचारा. आणि घरातल्या ज्या माणसासाठी तुम्ही खोटं बोलायला निघालात, त्या माणसालाही विचारा. मी यातलं एकही केलं नाही.

तो रविवार

निकालानंतर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, प्रशांतराव मोटारसायकलवर एकटेच आले. मालक बागेत होते. मी ओट्यावर खुर्चीत, अश्विनी खाली बसून मेथी निवडत होती. ती उठली नाही. प्रशांतराव पायरीवरच बसले. वाळून गेले होते.

"मामी, कोर्टात यायला पायजे हुतं मी," ते म्हणाले. "भ्यालो."

मला बोलण्यासारखं खूप होतं, ते तीन वर्षं मनात घोळवून तयार ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

त्यांनी मोबाईल काढला, आईला लावला आणि आवाज मोठा करून पायरीवर ठेवला.

"आई, ऐक. मामी न्हाणीत न्हाई पडल्या. माझ्या गाडीत हुत्या. आशू बी हुती. माझा डोळा लागला आन् मी गाडी ठोकली. दाव्यात लिवलंय ते समदं खरं हाय."

मग विहीणबाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "आरं, मी चारचौघींत हसले रं त्यांना."

फोन बंद झाला. मामी न्हाणीत पडल्या नाहीत, हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी किती दिवस तळमळले होते. वाटायचं, ते एकदा कुणी मोठ्यानं बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. पाय दुखतच होता. मला फक्त फार थकल्यासारखं झालं. प्रशांतराव हे कोर्टात बोलले असते तर कुठंतरी लिहिलं गेलं असतं, हेही मनात येऊन गेलं. मी त्यांना माफ केलं का? नाही. पण त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मग ते अश्विनीकडे वळले. "चलती का घरी?"

ती मेथीची पानं खुडत राहिली. माझ्या तोंडावर आलं होतं, जा बाई, झालं गेलं विसरून जा. तेच माझं नेहमीचं. ते तोंडातच आवळून धरलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं.

"आशू, तुला काय वाटतं? तुला काय करायचंय? तू म्हनशील तसं करू."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"हे त्या दिवशी टेम्पोत विचारायचं होतंस, आई."

ती आत गेली. प्रशांतराव तासभर पायरीवर बसले आणि एकटेच परत गेले. अश्विनी अजून आमच्याकडेच आहे, आणि तिला पुन्हा विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.